आधी खोली, मग नकाशा: ठाणे खाडीत मोटरबोट चालवताना कोणती इलेक्ट्रॉनिक उपकरणं घ्यावीत आणि कशी वापरावीत

नवी बोट घेतली की माणूस आधी मोठा स्क्रीन बघायला जातो. बारा इंची, टचचा, रंगीत. दुकानदारही तोच चालू करून दाखवतो, आणि डेमोमधलं पाणी हमखास परदेशातलं, निळंशार आणि खोल असतं. आपलं पाणी तसं नाही. बेलापूरच्या किंवा नेरुळच्या जेटीवर उधाणाच्या ओहोटीला उभं राहून एकदा खाली बघा. दुपारी जिथे बोट डुलत होती तिथे संध्याकाळी चिखलावर बगळे चालत असतात.

ठाणे खाडीत ‘मी कुठे आहे’ हा प्रश्न दिवसा फारसा पडतच नाही. वाशीचे पूल, ट्रॉम्बेची टेकडी, अटल सेतू, घारापुरी अशा नजरेला पुरेशा खुणा आहेत. पडतो तो प्रश्न वेगळा: माझ्या तळाखाली आत्ता किती पाणी आहे, आणि परत येईन तेव्हा किती असेल? म्हणून खरेदीचा क्रम मी असा सांगतो: आधी साउंडर (आवाजाच्या लहरीने खोली मोजणारं यंत्र), मग प्लॉटर (जीपीएसवर चालणारा नकाशाचा स्क्रीन), त्याच्या बरोबरीने व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ), परवडलं तर एआयएस (आसपासची जहाजं स्क्रीनवर दाखवणारी यंत्रणा), आणि रडार सगळ्यात शेवटी किंवा कधीच नाही. पुढचं सगळं साधारण सोळा ते सव्वीस फुटांच्या, आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेल्या) इंजिनाच्या, हौसेच्या बोटीसाठी आहे. वाशी, नेरुळ, बेलापूरपासून घारापुरीपर्यंत, फार तर मांडव्यापर्यंत जाणाऱ्या माणसासाठी.

काहीही विकत घेण्याआधी: भरतीचं गणित

मुंबईच्या पाण्याला दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. मोठ्या उधाणाच्या दिवशी दोन्हींतला फरक चार मीटरच्या वर जातो, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत तो दीड-दोन मीटरवर येतो. भरतीच्या वेळा आणि उंची छापील तक्त्यात मिळतात. डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस आणि सर्व्हे ऑफ इंडिया असे तक्ते काढतात. प्लॉटरमध्येही भरतीचं पान असतं, पण ते आपल्या बंदराचं आहे का ते तपासून घ्या. काही यंत्रं ‘जवळचं’ म्हणून भलतंच ठिकाण उचलतात.

यंत्राचा आकडा पडताळायला कोळ्यांचा हिशेब आजही उत्तम आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहा गुणिले पाऊण म्हणजे साडेचार. भरती साडेचारच्या सुमारास, पहाटे आणि संध्याकाळी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण प्लॉटर त्या दिवशी दहाची भरती दाखवत असेल, तर त्याची तारीख, टाइम झोन किंवा ठिकाण नक्की चुकलंय. तक्त्यातली वेळ मुंबई बंदराची असते. वाशी, ऐरोली, ठाणे असं आत जाल तशी भरती उशिरा येते आणि उथळ पाण्यामुळे चढउताराचा आकारही बदलतो.

पाणी सहा तासांत एकसारखं उतरत नाही. ढोबळ नियम बाराव्या हिश्श्यांचा आहे: पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. फरक ४.२ मीटरचा असेल तर एक हिस्सा ३५ सेंटिमीटरचा, म्हणजे मधल्या दोन तासांत दर तासाला १.०५ मीटर पाणी जातं. दहा मिनिटांत साडेसतरा सेंटिमीटर.

हे चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, कसं लावायचं? चार्टवरची खोली नीचतम ओहोटीच्या आसपासच्या एका ठरावीक पातळीपासून मोजलेली असते. त्यात त्या वेळची भरतीची उंची मिळवायची. ज्या आकड्याखाली रेघ असते तो खोलीचा नसून त्या पातळीच्या वर उघड्या पडणाऱ्या चिखलाचा किंवा खडकाचा. समजा एका चिखलपट्ट्यावर रेघेसह १.२ लिहिलंय आणि आत्ता भरतीची उंची २.६ मीटर आहे. तिथे पाणी १.४ मीटर. तुमच्या इंजिनाचा पाय (पंखा असलेला खालचा भाग) ०.७ मीटर खाली जातो, तेव्हा उरले ०.७. ओहोटी मधल्या तासांत असेल तर चाळीस मिनिटांत पाय चिखलाला लागेल. हा हिशेब कागदावर दोन-चार वेळा करून पाहिल्याशिवाय कुठल्याही यंत्रावर पैसे घालू नका. यंत्र हाच हिशेब करतं, फक्त त्याला तुमच्या इंजिनाचा पाय किती लांब ते माहीत नसतं.

साउंडर: इथे पैसे वाचवू नका

साउंडरचा डबा स्वस्त असला तरी चालेल, त्याचा ट्रान्सड्यूसर (पाण्यात लहर सोडणारा आणि परत ऐकणारा भाग) चांगला हवा. बसवण्याच्या तीन पद्धती आहेत. बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून लावायचा सगळ्यात सोपा, दुरुस्तीलाही सोपा, आपल्या आकाराच्या बोटीला तोच बरा. तळाला भोक पाडून बसवायचा असतो तो बोट यार्डात वर घेतल्याशिवाय जमत नाही. तिसरा आतून फायबरला चिकटवायचा. तो फक्त भरीव फायबरमधून चालतो. तळाच्या थरात फोम किंवा लाकूड असेल तर आवाजाची लहर पलीकडे जातच नाही.

मागच्या फळीवर लावताना तो पंख्यापासून निदान चाळीस सेंटिमीटर लांब ठेवा आणि पुढून येणारं पाणी त्याच्यापर्यंत गुळगुळीत पोचेल अशी जागा शोधा. तळावरची उभी पट्टी, रिव्हेट किंवा पाणी खेचायचं छिद्र त्याच्या सरळ पुढे असेल तर बुडबुडे त्याच्यावरून जातात आणि वेग घेतला की आकडा गायब होतो. जागा पक्की करण्याआधी, फळीत स्क्रू न मारता, एका लाकडी पट्टीला तो बांधून चाचणी घेता येते. फिटर कंटाळा करतो. आग्रह धरा.

आता आपल्या खाडीची खास गोष्ट. इथला तळ बहुतेक ठिकाणी मऊ गाळाचा आहे, आणि वरचा थर इतका पातळ असतो की तो पाणी आहे की जमीन हे साउंडरलाही ठरवावं लागतं. २०० किलोहर्ट्झची लहर त्या गाळाच्या वरच्या पृष्ठभागावरूनच परत येते. ५० किलोहर्ट्झची लहर आत शिरते आणि खालच्या घट्ट थरावरून येते. म्हणून दोन्ही लहरींचा ट्रान्सड्यूसर घ्या आणि स्क्रीनवर दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी लावा. एकीवर १.४ मीटर आणि दुसरीवर १.९ दिसलं, तर मधलं अर्धा मीटर लापशी आहे. बोट त्यातून जाईलही, पण इंजिनाला थंड ठेवणारं पाणी त्याच थरातून खेचलं जाईल. इम्पेलर (पाणी खेचणारा आतला छोटा पंखा) झिजेल, इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक पिचकारी मंदावेल आणि थोड्या वेळाने इंजिन तापल्याचा भोंगा वाजेल. म्हणून ‘किमान खोली’ धरायची ती नेहमी २०० च्या आकड्यावरून.

बसवून झाल्यावर पहिलं काम ऑफसेटचं, म्हणजे खोली कुठून मोजायची ते यंत्राला सांगण्याचं. साउंडर ट्रान्सड्यूसरपासूनची खोली दाखवतो. काही जण ऑफसेट असा लावतात की आकडा पाण्याच्या पृष्ठभागापासूनचा दिसतो. चार्टशी ताडायला तो बरा पडतो. मला इंजिनाच्या पायाखालचं पाणी दाखवणारा आकडा आवडतो, कारण घाईच्या वेळी डोक्यात वजाबाकी नको. कुठलाही घ्या, पण बोटीवर सगळ्यांना तो माहीत असू द्या. सुकाणूजवळ चिकटपट्टीवर लिहून टाका. तपासायची पद्धत जुनीच आहे. भरती भरून पाणी थांबलेलं असताना जेटीला, शक्यतो कठीण तळाच्या जागी, दोरीला जड वजन बांधून सोडा, दोरी मोजा, आकड्याशी ताडा. मऊ गाळात वजन आत रुततं आणि हिशेब बिघडतो.

उथळपणाचा अलार्म दीड-दोन मीटरला लावा. फार वर लावलात तर खाडीत तो सतत वाजेल आणि कोणीतरी वैतागून बंद करेल. पण साउंडर खालचं बघतो, पुढचं नाही. वीस नॉटला बोट सेकंदाला दहा मीटर पळते; अलार्म वाजून हात थ्रॉटलवर जाईपर्यंत तुम्ही चिखलपट्ट्याच्या आत गेलेले असता. अनोळखी पाण्यात पाच नॉटच्या वर जायचं नाही.

आकडा कधी खोटं बोलतो तेही ओळखून ठेवा. अगदी कमी पाण्यात तो लुकलुकतो, गोठतो, किंवा लहर तळ आणि बोट यांच्यात दोनदा फिरल्याने दुप्पट खोली दाखवतो. पाण्याचा रंग बदललाय, मागची लाट चिखलाळ झालीय आणि साउंडर मात्र अचानक पूर्वीच्या दुप्पट आकड्यावर गेलाय, तर डोळ्यांवर विश्वास ठेवून थांबा. आणि आकडा एकदम नाहीसाच झाला तर मेन्यूत शिरण्याआधी मागे वाकून बघा. दहांतल्या आठ वेळा ट्रान्सड्यूसरला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली असते.

प्लॉटर निवडताना

सात इंची स्क्रीन किमान, नऊ इंची आरामाची. अर्धा स्क्रीन चार्टला आणि अर्धा साउंडरला दिल्यावर सात इंचात आकडे बारीक होतात, एवढंच. आकारापेक्षा उजेड महत्त्वाचा: दुकानात नव्हे, दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघा. पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर तो घालूनच बघा, कारण काही स्क्रीन ठरावीक कोनात पूर्ण काळे दिसतात. टच असू द्या, पण सोबत बटणं किंवा फिरवायची खुंटी हवीच. बोट उसळते, हात ओले असतात, आणि भलत्या ठिकाणी बोट टेकून रूट पुसला जातो. पाण्यापासून संरक्षण आयपीएक्स ७ किंवा वरचं.

गार्मिन, रेमरीन, सिमरॅड, लॉरन्स, फुरुनो यांपैकी काय घ्यावं यावर जेटीवर तासन्‌तास वाद चालतात. माझ्या मते त्याने फारसं बिघडत नाही. दोन गोष्टी विचारा. भारताच्या किनाऱ्याचा चार्ट यंत्रासोबत आहे की वेगळा घ्यावा लागेल, आणि त्याचं अपडेट कसं मिळतं? आणि बिघडलं तर मुंबईत कोण हात लावतं? दुसऱ्या प्रश्नाला ‘कंपनीला पाठवू’ असं उत्तर आलं तर पावसाळ्यापर्यंत बोट यंत्राविना राहील असं धरून चाला.

परदेशातून कोणी नातेवाईक यंत्र आणणार असेल तर सावध. चार्टची कार्डं प्रदेशानुसार असतात. आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे ट्रॅकर किंवा सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे. थुराया आणि इरिडियम या उपग्रह सेवांच्या फोनवर तर थेट बंदी आहे. भेट म्हणून आलं तरी बोटीवर ठेवू नका.

पहिल्या दिवशी करायच्या सेटिंग्ज

डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा आधार) डब्ल्यूजीएस ८४. खोली मीटरमध्ये, कारण चार्ट आणि भरतीचा तक्ता मीटरमध्ये आहे. फूट आणि वाव यांच्या भानगडीत पडू नका. वेग नॉटमध्ये. उथळ पाण्याचा रंग तुमच्या बोटीप्रमाणे लावा: दोन मीटरच्या आतलं सगळं ठळक निळं दिसलं पाहिजे. ठरावीक मर्यादेपुढे झूम केलं की बहुतेक यंत्रं इशारा देतात, तो बंद करू नका. चार्ट ज्या प्रमाणावर मोजलाय त्यापुढे झूम केल्याने माहिती वाढत नाही, फक्त रेषा जाड होतात.

मग दोन रेषा चालू करा. एक बोटीचं नाक कुठे आहे ती, दुसरी बोट प्रत्यक्षात कुठे सरकतेय ती. पहिलीसाठी इलेक्ट्रॉनिक होकायंत्र लागतं, दुसरी जीपीएस देतो. पनवेल खाडीच्या तोंडातून ठाणे खाडीत बाहेर पडताना या दोघींचा उपयोग कळतो. ओहोटी जोरात असेल तर नाक पश्चिमेला असलं तरी बोट दक्षिणेला घसरत असते, आणि दोन रेषांमधला कोन ती घसरण समोर मांडतो. एक मर्यादा: बोट जवळजवळ थांबलेली असताना जीपीएसची रेषा गरागरा फिरते. ती बिघाड नाही. वेग असल्याशिवाय जीपीएसला दिशा कळत नाही.

होकायंत्र घेतलंत तर ते स्पीकर, वायपरची मोटर आणि बॅटरीच्या जाड तारांपासून लांब बसवा आणि मोकळ्या पाण्यात बोट सावकाश गोल फिरवून कॅलिब्रेट करा. पुलाखाली नको, तिथे लोखंड आहे. मुंबईच्या भागात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक एका अंशाच्याही आत आहे, त्यामुळे साधं हातातलं होकायंत्रही चार्टशी थेट ताडता येतं. एक ठेवाच, त्याला बॅटरी लागत नाही.

चार्टवर किती भरवसा ठेवायचा? जेएनपीएच्या (न्हावाशेवा बंदराच्या) जहाजांच्या मार्गावर चांगला, कारण तिथे सतत गाळ उपसला जातो आणि मोजणी होते. वाशीच्या वर, ऐरोलीकडे मात्र खूप कमी. चिखलपट्टे सरकतात आणि चार्ट जुन्याच मोजणीवर उभा असतो. उपाय म्हणजे स्वतःचा माग जपणं. भरतीच्या चढत्या पाण्यात, हळू, साउंडर चालू ठेवून एक वाट कापा आणि तो ट्रॅक जतन करा. नाव देताना त्या वेळची भरतीची उंची त्यात घाला, उदाहरणार्थ ‘बेलापूर बाहेर २.८’. बऱ्याच प्लॉटरमध्ये साउंडरच्या नोंदींवरून खोलीचा नकाशा स्वतः बनवायची सोय असते. ती वापरा, पण भरतीची दुरुस्ती तो करतो का ते बघून घ्या. करत नसेल तर चार मीटरच्या भरतीत बनवलेला नकाशा ओहोटीला तुम्हाला थेट चिखलात नेईल.

रूट आखताना वेपॉइंट (वाटेवरचा ठरवलेला बिंदू) बोयावर, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेवर, ठेवायचा नाही, बाजूला पन्नास-शंभर मीटरवर ठेवायचा. सगळ्यांनी बोयावरच ठेवला तर सगळे तिथेच भेटतात, आणि मध्ये तो लोखंडी बोयाही असतो. रूट यंत्राने आपोआप आखून दिला तरी प्रत्येक तुकडा झूम करून डोळ्यांखालून घाला. जिथे जायचंच नाही ते भागही आधी आखून ठेवा: ट्रॉम्बेच्या किनाऱ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राची बाजू, जवाहर द्वीपाचे तेलाचे धक्के, नौदलाची हद्द. ऐरोली-वाशीच्या पट्ट्यात फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ मध्ये जाहीर झालेलं आणि २०२२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत असलेलं. तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय मजेखातर शिरायचं नाही.

एक गोष्ट कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही: जाळी. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव इथल्या कोळ्यांच्या डोलींचे (खुंटांना बांधलेल्या जाळ्यांचे) खुंट आणि पाण्यावर तरंगणारे प्लास्टिकचे डबे. वेपॉइंट लावून ठेवलात तरी हंगामागणिक जागा बदलतात. त्यापेक्षा जेटीवर तांडेलाला (मच्छीमार बोटीच्या म्होरक्याला) विचारा, ‘काका, आज जाळी कुठल्या बाजूला?’ दोन वाक्यांत जे कळतं ते कुठल्या कार्डावर नाही.

वायरिंग: कंटाळवाणं, पण निम्मे बिघाड इथलेच

इंजिन सुरू करताना बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर खाली जातो आणि प्लॉटर बंद होऊन पुन्हा उठतो. उपाय एकच: उपकरणांसाठी वेगळी १२ व्होल्टची बॅटरी. जागा नसेल तर निदान इंजिन आधी सुरू करा, यंत्रं नंतर. कल्हई केलेली तांब्याची तार वापरा. साधी तार खाऱ्या हवेत वर्ष-दोन वर्षांत आतून हिरवी होते. प्रत्येक यंत्राला त्याच्या पुस्तकात दिलेला फ्यूज, तोही बॅटरीच्या जवळ.

साउंडर, होकायंत्र, व्हीएचएफ एकमेकांशी बोलायला हवे असतील तर एनएमईए २००० ची (बोटीवरची यंत्रं जोडणाऱ्या जाळ्याची) मुख्य तार लागते. तिच्या दोन्ही टोकांना एकेक टर्मिनेटर (टोक बंद करणारा रोधक), १२० ओहमचा. फिटर एक विसरला की सगळं कधी चालतं, कधी नाही, आणि महिनाभर दोष प्लॉटरला दिला जातो. तपासणी सोपी आहे: पुरवठा बंद करून मल्टिमीटरने दोन डेटा तारांमध्ये मोजा. ६० ओहमच्या आसपास आलं तर दोन्ही टर्मिनेटर जागेवर आहेत. १२० आलं तर एक नाही.

व्हीएचएफ

खाडीत मोबाइल बहुतेक ठिकाणी चालतो, म्हणून लोक रेडिओ घेत नाहीत. पण फोन एकाच माणसाला लागतो. रेडिओवर १६ नंबरच्या चॅनेलवर बोललेलं आसपासची प्रत्येक लाँच, टग आणि जहाज ऐकतं, आणि मदत बहुधा सगळ्यात जवळच्याकडूनच येते. बसवायचा सेट २५ वॅटचा, सोबत हातातला तरंगणारा एक. पल्ला वॅटपेक्षा अँटेनाच्या उंचीवर ठरतो. पाण्यापासून तीन मीटर उंच अँटेना असलेल्या दोन बोटी एकमेकींना साधारण सात-आठ सागरी मैलांवर ऐकतात. किनाऱ्यावरचा अँटेना शंभर मीटर उंच असेल तर तोच पल्ला पंचवीसच्या पुढे जातो. म्हणून अँटेना उंच, सरळ, आणि तार शक्य तितकी आखूड.

सेटवर झाकणाखाली लाल बटण असतं. ते दाबून धरलं की चॅनेल ७० वरून संकटाचा डिजिटल संदेश जातो, तुमच्या नऊ आकडी एमएमएसआय क्रमांकासह (रेडिओवरची बोटीची ओळख) आणि ठिकाणासह. ठिकाण जाण्यासाठी सेटला जीपीएस जोडलेला हवा, आणि क्रमांक अधिकृतपणे मिळालेला हवा. भारतातल्या क्रमांकाची सुरुवात ४१९ ने होते. मनाने काहीतरी भरू नका. सेटचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगकडून लागतो. विक्रेत्याला ही कागदपत्रं पैसे देण्याआधी विचारा, नंतर तो फोन उचलत नाही.

तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही स्क्रीनशेजारी लिहून ठेवा. बोटीवरच्या आणखी एका माणसाला लाल बटण आणि १६ नंबर येत असायला हवेत. सुकाणूवरचाच माणूस पाण्यात पडला तर?

एआयएस, रडार आणि मोबाइल

मोठी जहाजं आपलं नाव, ठिकाण, दिशा आणि वेग दर काही सेकंदांनी रेडिओवरून पाठवत असतात. नुसता रिसीव्हर घेतलात तरी ती प्लॉटरवर दिसतात, आणि जेएनपीएकडे वळणाऱ्या कंटेनर जहाजाच्या आड आपण येतोय का हे बरंच आधी कळतं. अरुंद मार्गात वीस मीटरपेक्षा लहान बोटीने त्यांना अडवायचं नाही हा आंतरराष्ट्रीय नियमच आहे, आणि ती थांबू शकत नाहीत हे त्याहून खरं. अलार्म लावताना सगळ्यात जवळचं अंतर ०.३ सागरी मैल आणि वेळ दहा मिनिटं ठेवून बघा. कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर मुंबई बंदरात तो श्वासही घेऊ देत नाही.

स्वतः प्रक्षेपण करणारा क्लास बी घेतलात तर तुम्हीही दिसाल. पण साधा क्लास बी चालत्या बोटीची जागा दर तीस सेकंदांनी सांगतो. वीस नॉटला तेवढ्यात तुम्ही तीनशे मीटर पुढे गेलेले असता. मचवे, छोट्या होड्या, बार्ज यांतल्या कितीतरी एआयएसवर नसतात, नौदल ते बंद ठेवू शकतं. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या ‘नील कमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली, तेव्हा दुपारचा स्वच्छ उजेड होता. स्क्रीनकडे न बघणारा, फक्त पाणी बघणारा एक माणूस बोटीवर हवाच.

मोबाइलवरची जहाजं दाखवणारी ॲप इंटरनेटवरून चालतात आणि मागे पडलेली असतात. कुठलं जहाज आलंय हे बघायला ठीक, टक्कर टाळायला अजिबात नाही. फोनमधला चार्ट मात्र पर्याय म्हणून जरूर ठेवा, चार्ट आधी उतरवून घेऊन. मे महिन्याच्या उन्हात फोन तापून स्वतः बंद होतो, तेव्हा सावलीची जागा शोधा.

रडार? आपल्या आकाराच्या, दिवसा फिरणाऱ्या बोटीला गरज नाही. डिसेंबर-जानेवारीतल्या धुरकट पहाटे मांडव्याला जायची सवय असेल तर विचार करा. पण रडार वाचायला शिकावं लागतं, तेही स्वच्छ उजेडात, डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीशी ताडत. पूल आणि विजेच्या तारा खाडीत खोटे ठिपके उभे करतात.

रात्री निघालात तर स्क्रीन मंद करा, इतका की समोरचं पाणी दिसेल. बंदरात शिरताना लाल दिवा डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. नवी मुंबईकडे तोंड करून येताना पाम बीच रोडचे दिवे आणि सिग्नल बोयांच्या मागे उभे राहतात आणि लाल-हिरवं त्यात विरघळतं. बोया ओळखायचा तो रंगावरून नव्हे, त्याच्या लुकलुकण्याच्या वेळेवरून. ती वेळ चार्टवर बोयाला बोट लावलं की दिसते.

पहिली फेरी

भांगाचा दिवस निवडा, दुपार, भरती अर्धी चढलेली. चढत्या पाण्यात रुतलात तर अर्ध्या तासात सुटाल; उतरत्या पाण्यात पुढच्या भरतीपर्यंत बसून राहाल. जेटीवरच जीपीएसला उपग्रह मिळू द्या, प्लॉटर, साउंडर आणि व्हीएचएफ यांवर एकच वेळ आणि एकच ठिकाण दिसतंय का बघा. भरतीचा आकडा तिथीशी ताडा. १६ नंबरवर उगाच चाचणी करू नका. सोबतच्या बोटीशी दुसऱ्या मोकळ्या चॅनेलवर, एक वॅटवर बोलून बघा.

बाहेर पडल्यावर पाच नॉट. एकजण मोठ्याने पृष्ठभागापासूनची खोली वाचेल (आकडा पायाखालचा असेल तर पायाची लांबी मिळवून), दुसरा चार्टवरची खोली अधिक भरती सांगेल. दोन आकडे अर्ध्या मीटरपेक्षा जास्त फरकाने सतत वेगळे येत असतील तर ऑफसेट, भरतीचं ठिकाण किंवा चार्ट, तिघांपैकी एक चुकतंय. त्याच क्रमाने तपासा. ओळखीची खूण, समजा पुलाचा एखादा खांब, प्लॉटरवर जिथे दिसते तिथेच आहे का बघा. माणूस पाण्यात पडल्याचं बटण एकदा खरोखर दाबा, रिकामा डबा पाण्यात टाकून. त्या खुणेकडे परत वळा आणि डबा आतापर्यंत किती वाहून गेलाय ते बघा. जीपीएस पडल्याची जागा दाखवतो, माणूस प्रवाहाबरोबर पुढे गेलेला असतो. शोधायचं ते खुणेपासून प्रवाहाच्या दिशेने. डबा उचलून घ्या.

परत आल्यावर ट्रॅक आणि वेपॉइंट मेमरी कार्डवर उतरवा. यंत्रांवर गोडं पाणी हलक्या हाताने मारा, पाइपच्या जोराने नाही. स्क्रीन ओल्या मऊ फडक्याने पुसा, कोरड्याने पुसलं तर मिठाचे कण ओरखडे काढतात. मे संपता संपता बोट वर घ्याल तेव्हा प्लॉटर आणि व्हीएचएफ काढून घरी न्या, जोडण्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, उघड्या तारांच्या टोकांना टोपणं घाला. ट्रान्सड्यूसरवर चढलेली शंखरं लाकडी पट्टीने खरवडा, सुरीने नको.